धूर कोंडायच्या गोळ्या

कुणाच्या लग्नात आम्ही जुने सहकारी भेटलो की मुलाबाळांची चौकशी दोन मिनिटांत आटपते. मग कुणीतरी म्हणतं, "भट्टी आठवते का गं?" झालं. जेवणाची पंगत उठली तरी आम्ही बसलेलोच. नव्वदीच्या दशकात बारामतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी चार वर्षं काढली. तिथून शोधनिबंध निघाले दोन. किस्से मात्र अजून निघतात.

आम्ही तिघंच. प्रमुख वसुधा मॅडम, पुण्याच्या, कडक शिस्तीच्या. शिपाई तात्या सांगवीचे. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आणि मी, भिगवणहून रोज एसटीने येणारी रिसर्च असिस्टंट.

आमचं काम असं. साखर कारखान्यातली राख आणि माती मिसळून हरभऱ्याएवढ्या सच्छिद्र गोळ्या करायच्या. चिमणीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्या शोषून घेतात, तापवल्या की सोडतात, आणि पुन्हा शोषायला मोकळ्या होतात. अशा किती वेळा तापवल्या तरी टिकतील, एवढं आम्ही तपासायचो.

एकदा लोणी भापकरचे शेतकरी कॉलेज बघायला आले. मॅडमनी फळ्यावर रेणू काढले, आलेख काढले, वीस मिनिटं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना एक आबा तात्यांना हळूच म्हणाले, "म्हंजी तुमी नेमकं करता काय?"

तात्या म्हणाले, "गोळी म्हंजी मेंढवाडा. धूर आत कोंडायचा, ऊब दिली की सोडायचा, परत कोंडायचा. वाडा किती दिस टिकतोय ते आमी बघतो."

"असं व्हय. मग बाई येवढा येळ काय सांगत हुत्या?"

मॅडमनी ते ऐकलं. पुढच्या खेपेला फळ्यावर पहिलं चित्र मेंढवाड्याचं होतं.

*

धुराचे नमुने आणायला मी इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्यावर जायची. धूर भरायचा फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये, कारण दुसरं साधनच नव्हतं. तीन फुगलेली ब्लॅडरं मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "ताई, मॅच कुठं हाय?"

"मॅच नाही. ह्यात धूर आहे. बारामतीला न्यायचाय."

त्याने तिकीट फाडून हातात दिलं. चार सीट पुढे गेला आणि परत आला. त्याला राहवेना. "धुरासाठी इंदापूरला आला? बारामतीत धूर संपला काय?"

*

एकदा घाईत मी माझा डबा गोळ्यांच्या कपाटात ठेवला. डब्यात तळलेला मासा. धरणाकाठच्या भिगवणच्या माणसाच्या डब्यात दुसरं काय असणार? दुपारी डबा खाल्ला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच गोळ्या भट्टीत घातल्या. पारा चढला तसा प्रयोगशाळेत, मग व्हरांड्यात, मग थेट प्राचार्यांच्या केबिनपर्यंत तळणीचा घमघमाट.

मॅडम शुद्ध शाकाहारी. त्या येऊन भट्टीसमोर उभ्या राहिल्या. आता माझी नोकरी गेली, असं मी धरून चालले. त्यांनी नाकाला पदर लावला, वही उघडली आणि म्हणाल्या, "लिहून घे. शोषणक्षमता उत्तम."

*

भट्टी सलग सहा तास एका तापमानाला राहायला हवी आणि वीज तर मनाला येईल तेव्हा जायची. चार वेळा चाचणी अर्ध्यात फसली. मग तात्या स्वतः सबस्टेशनला जाऊन आले. त्यानंतर दोन दिवस वीज हलली नाही. मॅडमनी विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"खरं तेच. आत नाजूक जीव हाय, ऊब तुटली तर हातचा जाईल."

तिसऱ्या दिवशी सबस्टेशनचा ऑपरेटर कोंबडीची पिल्लं बघायला दारात हजर. मॅडमनी त्याला गोळ्यांचा ट्रे दाखवला. तो ट्रेवर वाकला. "ह्यात जीव कुठाय, बाई?"

मॅडम म्हणाल्या, "माझा आहे. दोन वर्षांपासून."

त्या दिवसापासून वीज घालवायच्या आधी त्याचा फोन यायचा.

*

आणि हिराबाई.

तिसऱ्या वर्षी गोळ्या फुटायला लागल्या. तापवलं की तडा, पुन्हा तापवलं की भुगा. कृती बदलली, माती बदलली, तरी तेच. पुण्याहून तज्ज्ञ येणार होते आणि दाखवायला आमच्याकडे भुगा होता. मॅडम जेवेनाशा झाल्या. तेव्हा तात्यांनी सांगवीच्या हिराबाई कुंभारणीला आणलं. तिने एक गोळी चिमटीत धरली, नखाने खरवडली आणि विचारलं, "वाळवता कुठं?"

"ओव्हनमध्ये. दोन तासांत वाळतात."

"तितंच चुकतंय. माती वरनं वाळती, आत वलीच ऱ्हाती. चार दिस सावलीला ठिवा. ओलं फडकं टाका वर. मग भाजा."

चार दिवस ठेवल्या. मग पन्नास वेळा तापवल्या. एकही फुटली नाही.

मॅडमनी निबंधात त्या पद्धतीपुढे प्रामाणिकपणे संदर्भ दिला: 'हिराबाई, एस., व्यक्तिगत संवाद'. एस म्हणजे सांगवी. निबंध छापून आला आणि काही महिन्यांनी परदेशातून एक कार्ड आलं. 'डॉ. एस. हिराबाई यांच्या कामाची प्रत मिळेल का?'

आम्ही तिघं कार्ड घेऊन सांगवीला गेलो. मॅडमनी वाचून दाखवलं.

"काय मागतोय त्यो?"

"तुमचं काम बघायचंय त्यांना."

हिराबाई आत गेली. भाजलेलं एक बोळकं आणून तिने मॅडमच्या हातात ठेवलं. "हे धाडा. जपून न्या म्हणावं." मॅडमनी कापसात गुंडाळून ते खरंच पाठवलं.

उत्तर आलं दोन महिन्यांनी. 'आम्ही ते आठशे अंशांवर वीस वेळा तापवलं. एकही तडा नाही. डॉक्टरांना आमचा आदर कळवा.'

मॅडमनी पुन्हा सांगवीला जाऊन एकेक शब्द मराठीत सांगितला. हिराबाई चाकावरचा हात थांबवून नीट ऐकत होती.

"वीस येळा तापवलं," ती म्हणाली, "आन् शिजवलं काय?"