कंपाउंडरचा ब्लाइंड

तीन पत्ते हातात आले की कंपाउंडर ते पार नाकाजवळ नेत, डोळे बारीक करत आणि दहातल्या नऊ वेळा पालथे करून गड्डीखाली सरकवत. "आपलं न्हाई, बाबा," एवढंच म्हणत.

"डाव खेळाय आलाव का पत्ते वाळू घालाय?" दत्तू शिंपी विचारायचा.

कंपाउंडर हसत. पुढच्या डावाला पुन्हा तेच.

धारूरला गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, मी शाळेत मास्तर. रविवारी दुपारी दत्तूच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघे तीन पत्ती खेळायला बसायचो. चौथे आबा. बायको गेल्यापासून आबांच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. आठवडाभर ते या दुपारची वाट बघायचे. आम्ही पैसा कधी लावला नाही. लावायच्या त्या सीताफळाच्या बिया, आमच्या डोंगरात त्यांना काय तोटा? बसताना प्रत्येकाला एक ओंजळ मिळे. ज्याच्या बिया संपतील त्यानं सगळ्यांना चहा सांगायचा आणि घरी जायचं. त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही. नियम म्हणजे नियम.

तुम्ही कधी पत्ते खेळला असाल तर तुम्हालाही खेळणाऱ्यांच्या दोन जाती दिसल्या असतील. एक आवळून खेळणारा, हातात चांगलं आल्याशिवाय बी खाली न टाकणारा. दुसरा सैल खेळणारा, हातात काही नसताना चाल चढवत नेऊन समोरच्याला पळवणारा. कंपाउंडर पहिल्या जातीचे, मी दुसऱ्या. आणि मी जिंकायचो. "गुरुजी माणसाचं तोंड वाचतेत," असं गावात म्हटलं जाई. मी ते म्हणू देत असे.

तोंड मी कधीच वाचलं नाही. मी चष्मा वाचायचो.

कंपाउंडर नेहमी पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ करून बसत. एकदा मी आधी येऊन ती जागा धरली तर म्हणाले, "उठा गुरुजी, ती माजी हाय." दुपारचं ऊन त्यांच्या खांद्यावरून थेट पत्त्यांवर पडे आणि ते पत्ते त्यांच्या जाड भिंगात उमटत. मी बरोबर समोर. लाल किती, काळे किती, चित्र आहे की नाही, एवढं मला हमखास दिसे. तेवढं पुरे होतं.

पण त्या भिंगात मला आणखी एक गोष्ट दिसली. ती कुणालाच ठाऊक नव्हती. डावात ते आणि आबा असे दोघेच उरले आणि आबांच्या बिया संपत आल्या, की कंपाउंडर भारी पत्तेसुद्धा टाकून देत. एकदा मी तिन्ही चित्रं पाहिली. दोन राजे तर नक्कीच. आबांपुढे चार बिया. कंपाउंडर म्हणाले, "आपलं न्हाई, बाबा." आबांनी बिया ओढल्या आणि पोरासारखे टाळी वाजवून म्हणाले, "भ्यालं! कंपाउंडर भ्यालं!"

सगळे हसले. मीही हसलो. हा माणूस भित्रा नाही, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. पण सांगणार कसं? कसं कळलं, हे आधी सांगावं लागलं असतं.

मग एका रविवारी मी आबांना उठवलं. कंपाउंडरनी पत्ते टाकले होते, दत्तूनेही. माझ्या हातात काही नव्हतं. तरी मी चाल चढवत नेली, आबांच्या बिया संपवल्या. ते चहा सांगून उन्हातून घराकडे निघाले तेव्हा कंपाउंडर दारापर्यंत गेले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी पत्ते कंपाउंडरनी वाटले. स्वतःच्या पत्त्यांना हात लावला नाही.

"ब्लाइंड," म्हणाले. म्हणजे पत्ते न बघता चाल.

"आँ?" दत्तूच्या तोंडातली सुपारी पडली. "लई मोठं झालाव की!"

आबांनी पत्ते टाकले, दत्तूने टाकले. माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती. मी चाल दिली. ते पुन्हा ब्लाइंड. मी त्यांच्या चष्म्यात बघितलं. तिथे ऊन नव्हतं, पत्ते नव्हते, काहीच नव्हतं. पहिल्यांदाच मी आंधळा खेळत होतो. शेवटची बी टाकून मी शो मागितला.

त्यांनी पत्ते उलटले. तीन सत्त्या, जोडीपेक्षा भारी.

मी ओरडलो, "पत्ते यांनीच वाटलेत! जन्मात ब्लाइंड न खेळलेला माणूस आजच कसा खेळतो? लावून वाटलेत!"

दत्तू आणि आबा एकमेकांकडे बघू लागले. त्यांना ते पटलं. इतकी वर्षं आवळून खेळलेला कंपाउंडरचा हातच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला. सैल माणसाला नशीब चालतं, आवळून खेळणाऱ्याला चालत नाही.

कंपाउंडरनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. म्हणाले, "कावून गुरुजी, आज दिसलं न्हाई का काई?"

त्याचा अर्थ फक्त मला कळला. बोललेलं मागे न घेता मी चहा सांगून उठलो.

ते पुन्हा आले नाहीत. हातचलाखीची गोष्ट मात्र दवाखान्यापर्यंत गेली. ते औषध भरत तेव्हा लोक त्यांच्या हाताकडे टक लावून बघू लागले. मी स्वतः पाहिलंय, ते प्रत्येकाला सुई उजेडात धरून दाखवायचे, "बगा, भरली हाय. नीट बगा." निवृत्त झाल्यावर ते उमापूरला लेकीकडे गेले. त्यांना भेटायला म्हणून मी दोनदा वाटेतल्या गेवराईपर्यंत जाऊन परत आलो. यंदा ते वारल्याचं कळलं.

आबा तर आधीच गेले. उरला दत्तू. त्याला त्याच खोलीत बसवून मी सगळं सांगितलं.

"खोटं," तो म्हणाला. "चष्म्यात कुटं पत्ते दिसतेत व्हय?"

त्यानं मला खिडकीकडे पाठ करून बसवलं, कंपाउंडरच्या जागेवर. आता माझाही चष्मा जाड आहे. हातात तीन पत्ते दिले आणि समोर बसून वाकून बघू लागला.

"बदाम हाय," तो हळूच म्हणाला. "लाल... राणी हाय. आरं देवा."

पण मी पत्त्यांकडे बघत नव्हतो. मी दत्तूच्या डोळ्यांकडे बघत होतो. त्याची नजर माझ्या नजरेला भिडत नव्हती. ती अर्धं बोट खाली, भिंगावर खिळलेली होती, आणि इथून ते इतकं स्वच्छ दिसत होतं की आंधळ्यालाही कळावं.

म्हणजे कंपाउंडरना पहिल्याच रविवारी कळलं असणार. तरी ते याच जागी बसत राहिले, पत्ते याच उन्हात धरत राहिले.

"चला, चाल द्या गुरुजी," दत्तू म्हणाला.

मी पत्ते पालथे केले आणि गड्डीखाली सरकवले.