दुसऱ्या भाकरीचा आग्रह

आमच्या विद्यापीठाच्या गौरवपुस्तिकेत छापले आहे की, ठाणाकुशनूरची एक नवी विद्यार्थिनी तिसऱ्याच दिवशी घरी निघाली होती आणि ‘स्वागत व समायोजन कार्यक्रमा’मुळे ती थांबली. हे धादांत खोटे आहे. त्या समितीवर मी होतो. कार्यक्रम तीन तास चालला आणि त्यात आम्ही मान्यवरांनी एकमेकांना शाली पांघरवल्या. माझ्या वाट्याला दोन आल्या. ग्रंथालय कोठे आहे, हे मात्र नव्या मुलांना कोणीही सांगितले नाही.

वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई म्हणतात, समजूत त्यांनी काढली. ती अशी : ‘‘ताटं तिथं, भाकऱ्या तिथं. कुणी हात धरलाय का तुझा?’’

मुलगी दोन दिवस अर्धपोटी होती. वडील न्यायला आले होते. ट्रंक व्हरांड्यात आली होती. मी स्वतः तिला अर्धा तास शिक्षणाचे महत्त्व सांगितले. ती म्हणाली, ‘‘सर, बस चुकंल.’’

शेवटी वडिलांनीच विचारले, ‘‘कामून जेवली न्हाईस गं?’’

‘‘कुणी घे म्हणलंच न्हाई, अप्पा.’’

बाई हसल्या. मी हसलो नाही. मी निर्ण्याचा, म्हणजे तिच्याच भागातला. आमच्याकडे दुसरी भाकरी कोणी मागून घेत नाही. वाढणाराने आग्रह करायचा, जेवणाराने नको म्हणायचे, मग ती ताटात पडते. येथे नको म्हणण्याची संधीच तिला मिळाली नव्हती.

आत भोजनगृहात पंगत बसली होती. तिथली भाकऱ्यांची टोपली मी तिच्या हाती दिली. ‘‘बस येईपर्यंत वाढ.’’

कलबुर्गीच्या मुली ताटावर हात आडवे धरून ‘‘साकु, अक्का, साकु!’’ म्हणू लागल्या. पुरे म्हटल्यावर थांबेल ती आमच्या भागातली कसली?

‘‘येवढ्यानं काय व्हतंय? घे, माझी शपथ हाय.’’

पंगत हसत सुटली. एकीने उठून टोपली हिसकावली, हिला खाली बसवले आणि हिच्या ताटात दोन भाकऱ्या टाकल्या. हिने रीतसर नको म्हटले. कोणी ऐकले नाही.

दारातून वडील म्हणाले, ‘‘बस जायलीय की गं!’’

‘‘जावा तुमी, अप्पा,’’ ती घास चावत म्हणाली. ‘‘ट्रंक वर ठिवा.’’

ते ट्रंक उचलणार तोच अधीक्षिकाबाईंनी पुरुषांना वर मनाई असल्याचा नियम ऐकवला. मग ती ट्रंक दोन जिने बाईंनाच चढवावी लागली. श्रेय हवेच असेल, तर बाईंनी तेवढे खुशाल घ्यावे.