स्वातंत्र्यदिन, राजकारण वगळून

स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात मी एका मुलीचा माइक बंद केला. ती माझ्याच आजोबांबद्दल बोलत होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर नाना, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले होते. विमानतळापर्यंत आले तर पोरगं सगळ्यांदेखत रडेल, हे ओळखून ते स्टँडवरच थांबले. गाडी हलताना म्हणाले, "जपून राहा. पण मिंधा राहू नकोस." पहिलं वाक्य मी इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याला जागाच उरली नाही. आधी व्हिसा होता म्हणून गप्प, मग ग्रीन कार्डाची रांग होती म्हणून गप्प. सिटिझनशिपची शपथ घेतली त्या दिवशी वाटलं, आता बोलायचं. पण काय बोलायचं होतं तेच आठवेना.

बोलायचो ते फक्त आजोबांबद्दल. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावात ती गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस सापडणार नाही. बेचाळीसला त्यांनी टेलिफोनच्या तारा तोडल्या, तुरुंगात गेले, सरकारनं घर जप्त केलं आणि आजी तान्ह्या नानांना घेऊन दुसऱ्यांच्या गोठ्यात राहिली. दर वेळी तोडलेल्या तारा वाढत गेल्या. गेल्या दिवाळीत तर मी तेव्हाच्या अख्ख्या सातारा जिल्ह्यात एक खांब उभा ठेवला नव्हता.

ऑफिसात आमच्या टीममध्ये सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणाऱ्या नबीललाही मी ती ऐकवली. नबील पॅलेस्टिनी, त्याची मावशी गाझात. त्यानं एकच विचारलं, घर परत मिळालं का? मिळालं, म्हणालो. तो मान हलवून फोनकडे बघत राहिला. मावशीचा तंबू त्या आठवड्यात कुठे होता, हे त्याला कळलं नव्हतं. मी त्याला 'टेक केअर' म्हणालो. दोन वर्षं मी त्याला तेवढंच म्हणत होतो.

शलाका नागपूरची, इथे पीएचडी करते, रविवारी आमच्याकडे जेवायला येते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तुमच्या आजोबांवर बोलू का, असं तिनं विचारलं आणि मी फुगलो. नबीललाही बोलावलं. साउंडवर मीच बसलो होतो.

मुलगी छान बोलली. शेवटी म्हणाली, "ज्यांच्या आजोबांचं घर सरकारनं जप्त केलं, त्यांना गाझा वेगळं समजावून सांगायला नको. पॅलेस्टाइनची माणसं दुसरं काही मागत नाहीत..." तिसऱ्या रांगेत नबीलनं मान वर केली. अख्ख्या भाषणातले दोन शब्द त्याला कळले होते. अध्यक्ष डॉक्टरकाकांनी माझ्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं, आणि मी माइकचं बटण खाली ओढलं. घाबरून शेजारचंही बटण दाबलं, तर लेझमीचं संगीत सुरू झालं. पोरं बिचारी लेझीम घेऊन धावत स्टेजवर आली.

जेवताना नबीलनं विचारलं, ती मुलगी आमच्याबद्दल काय म्हणत होती? मी म्हणालो, माइकची बॅटरी गेली.

मंडळाचा नियम आहे, राजकारण नको. स्वातंत्र्यदिन साजरा करायचा आणि राजकारण नको! इंग्रज काय हवा मानवली नाही म्हणून गेले? निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थाला याच स्टेजवर आम्ही शाल-श्रीफळ दिलं, ते राजकारण नव्हतं. माझ्या पगारातून कापलेल्या टॅक्सचे बॉम्ब तंबूत झोपलेल्या लेकरांवर पडतात, तेही नाही. पण त्यांच्याबद्दल एक वाक्य बोललं की लगेच राजकारण. आणि गावाकडे राहिलेल्यांनो, हुतात्मा स्मारकाला हार घालून घरी गेल्यावर गाझाच्या बातमीखाली तुम्ही हसरे चेहरे टाकता, ते मला इथून दिसतं. तुम्ही हसता, आम्ही माइक बंद करतो. आजोबांनी दोघांनाही दारात उभं केलं नसतं.

आठवड्यानं कार्यकारिणीची झूम मीटिंग झाली. मंडळाचा या मुलीशी संबंध नाही, असं पत्र तिच्या विद्यापीठाला पाठवायचं ठरत होतं. सेक्रेटरी म्हणून ते मीच लिहायचं. असं एखादं पत्र हल्ली विद्यार्थ्याच्या व्हिसापर्यंत पोचतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे कधीकाळी त्याच व्हिसावर आलेले. मी आयुष्यातलं पहिलं जळजळीत भाषण केलं. चार मिनिटांनी डॉक्टरकाका म्हणाले, "अरे, तू म्यूटवर आहेस." मग मी चॅटमध्ये टाइप केलं, की पत्र गेलं तर ते भाषण मीच तिला लिहून दिलं असं मी विद्यापीठाला कळवेन. पत्र गेलं नाही. माझं सेक्रेटरीपद गेलं.

सोमवारी नबीलला खरं सांगितलं. तो रागावला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. शनिवारी शेजारच्या राले शहरात गाझासाठी निदर्शनं आहेत, एवढंच म्हणाला.

पूर्वी घर म्हटलं की मला इस्लामपूर आठवायचं. ते अजून तिथे आहे, नाना अजून ओसरीत पेपर वाचतात, म्हणून 'घर' हा शब्द मी इतका सहज वापरतो. नबीलच्या मावशीला तो दर थोड्या दिवसांनी नव्या जागी खुंट्या ठोकून उभा करावा लागतो. हे कळल्यापासून मला त्या शब्दाची थोडी लाज वाटते.

शनिवारी मी गेलो. टोपी, काळा गॉगल, नाकापर्यंत मास्क. नबीलनं हातात फलक दिला, तो मी छातीऐवजी तोंडासमोर धरला. शलाका पहिल्या रांगेत होती, केस बांधलेले, चेहरा उघडा. पत्र थांबवल्याचं तिच्या कानावर गेलेलं असणार. दोन कौतुकाचे शब्द येतील म्हणून मी फलक जरा खाली घेतला. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काका, इथून हाकलतील ते मला. तुम्ही कुणाला घाबरताय?"