टोपण प्रथिन आणि महाप्रसादाची लाईन

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. तोंडात चहा असताना हसलात तर शर्ट तुमचाच भिजेल, मग मला बोल लावायचा नाही. कारण माझ्यासारखा शिकलेला बावळट अख्ख्या नागपुरात शोधून सापडायचा नाही!

तर मी कामठी रोडवरच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. तेव्हा तासिकेवर होतो, म्हणजे आज आहे, उद्या नाही. एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "विज्ञान मेळाव्याले पेशीशास्त्राच्या मोठ्या मॅडम येऊन राहिल्या. तुमचा प्रयोग त्यांना पसंत पडला तर कायम करायसाठी तुमचंच नाव पाठवतो. नाही पडला तर… समजदार आहात."

झालं! माझी झोपच उडाली.

मी ठरवलं, अ‍ॅक्टिनचा धागा जिवंत करून दाखवायचा. घाबरू नका, सोपं आहे. आपल्या पेशीत बारीक बारीक धागे असतात. ते पेशीला आकार देतात, तिला पुढे सरकवतात. असा एक धागा म्हणजे अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या मण्यांची लाईन. मागच्या टोकाला नवे मणी येऊन चिकटतात, पुढच्या टोकाचे सुटतात आणि सुटलेले परत मागे जाऊन लागतात. महाप्रसादात एकदा द्रोणभर खाऊन, तोंड पुसून पुन्हा लाईनीत लागणारी माणसं पाहिलीत ना? तसंच अगदी!

या धाग्याला मदतनीस प्रथिनं लागतात. कोफिलिन नावाचं एक प्रथिन जुने मणी तोडतं. ते काम दिलं पल्लवीला. बी.एस्सी.ची चुणचुणीत पोरगी, हातात पुठ्ठ्याची भली मोठी कात्री. आणि सगळ्यात जोखमीचं ते टोपण प्रथिन. ते वाढत्या टोकावर जाऊन बसलं की नवा मणी चिकटूच शकत नाही. ते नसलं की धागा आपला वाढतच सुटतो. एवढी जबाबदारी दुसऱ्या कोणाला द्यायची? मीच घेतली! लाल टोपी घालून लाईनीच्या शेवटी उभं राहायचं, बस्स.

मैदानात मांडव टाकला. मांडवापासून फाटकापर्यंत पोरांची लाईन, एकेक पोरगं म्हणजे एकेक मणी. मॅडम वरच्या गॅलरीतून बघणार. सगळी तयारी झाली आणि प्राचार्यांचा फोन आला.

"मॅडमची गाडी चौकात फसली. घेऊन या, पळा!"

टोपी खिशात कोंबली आणि पळालो. चौकात ना गाडी, ना मॅडम! त्या दुसऱ्या रस्त्याने केव्हाच पोचल्या होत्या आणि इकडे पोरांनी प्रयोग सुरूही करून टाकला होता. पण हे मला कळावं कसं? प्राचार्य फोनच उचलेनात.

परत येतो तर रस्त्यावर ही लांबलचक लाईन! शेवटी एक मावशी उभ्या, हातात स्टीलचा डबा.

"कायची लाईन हाय, मावशी?"

"महाप्रसाद हाय गा. आत मांडव टाकला, दिसत नाही काय?"

कॉलेजच्या अलीकडे मारुतीचं देऊळ आहे. मला वाटलं, तिथलाच असणार.

"बुंदी हाय का मसालेभात?"

"दोन्ही असन. लाईन पाहा ना केवढी हाय!"

आता तुम्हीच सांगा, धास्तीने सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही आणि समोर महाप्रसाद! शिवाय मी आल्याशिवाय माझा प्रयोग कोण सुरू करणार? लागलो लाईनीत. वर बायकोला फोन केला, "अगं, डबा घेऊन ये पटकन!" माझ्या मागे एक शेअर ऑटो थांबला, तो अख्खा रिकामा होऊन लाईनीत लागला. एक जण मध्ये घुसू पाहत होता, त्याला मी झापलं. "ओ भाऊ, लाईनीत या ना! शिकलेले दिसता!"

लाईन भराभर सरकत होती. म्हटलं, वाढपी हुशार आहे बाप्पा! देऊळ मागे गेलं. लाईन कॉलेजच्या फाटकात शिरली. मला वाटलं, गर्दी फार म्हणून पंगत आपल्या मैदानात घेतली असेल. खरंच वाटलं हो! भुकेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. मांडवात पोचलो तर समोर पुठ्ठ्याची कात्री.

"कच्! सुटा! मागं जाऊन परत लागा!" पल्लवी मावशींवर ओरडली.

मावशी भडकल्या. "अवं, प्रसाद कुठं हाय?"

"प्रसाद नाही हो काकू, तुम्ही अ‍ॅक्टिन हाय!"

"मी काहून अ‍ॅक्टिन? मी कामठीची हाव!"

तेवढ्यात पल्लवीला मी दिसलो. "सर? तुम्ही टोपण हाय ना? केव्हाची वाट पाहून राहिली मी! लाईन रोडवर गेली!"

म्हणजे ही लाईन माझ्याच प्रयोगाची! वर गॅलरीत प्राचार्य लालबुंद. आणि मागून बायकोची हाक, "अहो, शेजारच्या चौघींनाही आणलं!" सगळ्यांच्या हातात डबे. गेली नोकरी, म्हटलं. उद्यापासून घरीच.

मॅडम खाली आल्या. पण काय आश्चर्य, त्या खुशीत होत्या!

"सुंदर! टोपण नसलं की धागा कसा वाढत सुटतो, हे इतकं स्पष्ट मी कधी पाहिलं नव्हतं. टोपण मुद्दामच काढून ठेवलंत ना? कल्पना कोणाची?"

मी छाती फुगवली. "माझीच, मॅडम!"

"कायची कल्पना वं बाई!" मावशींनी डबा टेबलावर आपटला. "हा माह्या मागं उभा राहून विचारत होता, बुंदी हाय का मसालेभात! वरून बायकोलेही बोलावलं!"

मांडवात हशाच हशा. मी तोंड कुठे लपवू? मॅडम डोळे पुसत प्राचार्यांकडे वळल्या.

"सर, यांना कायम करून टाका. पण टोपणाचं काम यांना पुन्हा देऊ नका. अहो, हा माणूस अस्सल अ‍ॅक्टिन आहे. लाईन दिसली की चिकटतो!"