चालत आलेलं रान

शिमग्याची सुट्टी संपली की विनिता मॅडमच्या जादा इंग्रजीच्या वर्गाला रामराम ठोकायचा, हे क्रांतीने पक्कं केलं होतं. ती श्रीवर्धनच्या कॉलेजात अकरावीला. हा वर्ग कॉलेज भरण्याआधी असायचा, म्हणून डोंगराआडच्या वाडीतून तिला पहाटेची पहिली एसटी धरावी लागे. एवढं करून पदरात काय पडलं, तर हसू.

वर्गात चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी शोकांतिका चालू होती. धन्याचा खून करून गादीवर बसलेला राजा. चेटकिणींनी त्याला सांगितलेलं, समोरचं रान चालत तुझ्या गडावर येईल तेव्हाच तुझा अंत. रान कधी चालतं का? राजा निर्धास्त. आणि एक दिवस पहारेकरी धापा टाकत येतो की रान निघालंय. शत्रूचे शिपाई तोडलेल्या फांद्या पुढे धरून येत असतात.

क्रांती मराठी माध्यमातली. त्या जुन्या इंग्रजीपुढे ती तोंड मिटून बसायची. पण रान येतंय म्हटल्यावर तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मग राजा नारळ घेऊन सामोरा का नाही जात?"

वर्ग खो खो हसला. बाजारपेठेतला ऋत्विक म्हणाला, "पेढे पण ने म्हणावं." त्या दिवसापासून तो तिला नारळवालीच म्हणू लागला.

मॅडम हसल्या नाहीत. सुट्टीनंतर येताना प्रत्येकाने एकच गोष्ट शोधून आणायची, असं त्यांनी सांगितलं. ते रान पाहून राजाला आतून काय झालं असेल? हे बोलताना त्या क्रांतीकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या. तिने मान खाली घातली.

नारळाचं ती उगाच बोलली नव्हती. तिच्या वाडीत होळीला आंब्याचं झाड शेंड्यासकट खांद्यावर आणतात, आणि मागून घरटी एक माणूस हिरवी फांदी घेऊन चालतो. डोंगरातून वेशीपर्यंत ढोल वाजवायचा नाही, कुणी बोलायचंही नाही. देव येतोय, त्याला गलका चालत नाही. होळीच्या माळावर एकच बाई दिवा आणि नारळ घेऊन उभी असते. बाकी बायका-पोरं वेशीवर थांबतात, जिथून डोंगराचा उतार दिसत नाही, आणि झाड आलं की त्यामागे चालू लागतात. क्रांतीही लहानपणापासून त्या घोळक्यातच.

माळावर उभं राहायचा मान तिच्या घरच्या लेकीचा, म्हणजे सगुणा आत्याचा. यंदा आत्या गुडघे धरून माणगावला लेकीकडे पडून होती. बाप, रामचंद्र, पोफळीच्या बागांत कामाला जाणारा अबोल माणूस. त्याने ताट क्रांतीच्या हातात दिलं.  जाता जाता म्हणाला, "झाड येईस्तवर हलायचं न्हाय."

सूर्य टेकला होता. माळावर ती एकटी. बराच वेळ काहीच झालं नाही. मग समोरचा उतार हलला.

आधी तिला वाटलं, वारा असेल. पण हातातली ज्योत सरळ होती. डोंगराच्या कडेचा हिरवा पट्टा जागचा सुटला आणि खाली सरकू लागला. माणूस दिसेना, पाय दिसेनात, आवाज नाही. नुसती पानं, उतारभर, तिच्या रोखाने. मधोमध आंब्याचा शेंडा हळूहळू डुलत येत होता. त्या पानांमागे आपला बाप आहे, चुलते आहेत, सारी वाडी आहे, हे तिला ठाऊक होतं. तरीही अंगावर सरसरून काटा आला. पाय आपोआप मागे सरले. ताटातला नारळ गडगडला, तो तिने कसाबसा धरला. असं काही ती जन्मात पहिल्यांदा बघत होती, आणि डोळे मिटवत नव्हते.

मग वेशीवर ढोल कडाडला, पानांतून ओळखीची तोंडं बाहेर आली, आणि तिने नारळ पुढे केला.

होळी पेटल्यावर ती बापाशेजारी जाऊन उभी राहिली. झाड येताना माळावरून कसं दिसतं, ते तुम्ही कधी बघितलंय का, असं तिने विचारलं.

"न्हाय गं," तो म्हणाला. "मी कायम झाडाखाली. तुज्या आज्यानं बी न्हाय बघितलं." मग त्यानेच विचारलं, "कसं दिसतं?"

तिला सांगता येईना. शब्द जुळवता जुळवता तिच्या लक्षात आलं, की मॅडमनी हेच तर विचारलं होतं.

सुट्टीनंतर तिने पहिली एसटी धरली. वर्गात ती उठली तेव्हा ऋत्विक पुढचा टोमणा तयार ठेवूनच बसला होता. तिने आधी मराठीत सांगितलं. तो उतार, ती सरळ ज्योत, ती मुकी पानं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. शेवटी म्हणाली, "पानांमागे माझीच माणसं होती आणि हातात नारळ होता, तरी मी मागे सरले. राजाकडे दोन्ही नव्हतं."

मॅडमनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि पहारेकऱ्याचं बोलणं वाचायला सांगितलं. दोन शब्दांना ती अडखळली. कुणी हसलं नाही.

बाहेर पडताना ऋत्विकने हळूच विचारलं, पुढच्या होळीला वाडीत आलं तर चालेल का?

"ये की," क्रांती म्हणाली. "पण फांदी धरू नकोस. तू पाहुणा, तुला चालतं. माझ्यासोबत माळावर उभा राहा."