दारे लागण्यापूर्वी

दानियलरावांच्या घरी एका संध्याकाळी नऊ माणसे दहाव्याची वाट पाहत बसली होती. दहावा आला नाही, कारण त्याला निरोपच मिळाला नव्हता. निरोप सांगायचे काम माझ्याकडे होते. मी ते केले नाही आणि वर खोटे बोललो. दानियलरावांविषयी लिहायचे तर हे आधी सांगायला हवे. नाहीतर पुढे त्यांचे कौतुक मी कोणत्या तोंडाने करणार?

लढाईच्या दिवसांत मी साताऱ्याला रस्ते-बांधकामाच्या कचेरीत नवा कारकून होतो आणि दानियलराव तिथे ओव्हरसियर होते. उंच, किंचित पोक आलेले, डोक्यावर नेहमी काळी टोपी. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. बोलणे आपल्यासारखेच मराठी, पण शुक्रवारी दिवस कलला की ते हातातले काम ठेवून घरी जात. तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ना लिहायचे, ना चूल पेटवायची, ना गाडीत बसायचे. शनिवारच्या बदल्यात रविवारी रस्त्यांची पाहणी करीन, असे त्यांनी साहेबाकडून मागून घेतले होते. आम्ही घरी लोळत असू तेव्हा हा माणूस एकटाच सायकलवरून मेढ्याच्या रस्त्याला लागलेला असे. खडी फोडणाऱ्या बाया त्यांना शनवारसायेब म्हणत.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. हौसाबाई नावाची एक म्हातारी हातोडी खाली न ठेवताच म्हणाली, "आवं सायेब, शनवारी तुमचा द्येव झोपतुय व्हय?"

"झोपत नाही, हौसाबाई. हात धुऊन नुसता बसतो. म्हणून आम्हीही बसतो."

"लय ग्वाड द्येव हाय की! आमच्या मुकादमाला द्या तुमचा द्येव, एक दिस तरी!"

बाया खदाखदा हसल्या. दानियलरावही हसले. परत येताना मला म्हणाले, "आमच्या आजोबांना कोकणात शनवार तेली म्हणत. शनवारी घाणा बंद ठेवायचे ना! आता घाणा गेला, शनवार राहिला."

तो शनवार त्यांना फार जड जाई, हे मला कळत होते, कारण आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा बेनी पलटणीत होता. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक बारीक धातूची नळी होती. तिच्यात त्यांच्या धर्माचे वचन असे. आत-बाहेर करताना ते तिला बोट लावत आणि बोट ओठांना टेकवत. शुक्रवारी लावलेला दिवा आपोआप विझे. शनिवारी दुपारी कालची भाकरी आणि उकडलेली अंडी खाऊन ते दारात पोथी घेऊन बसत, आणि बऱ्याच वेळाने पान उलटत. मटण खातच नसत. त्यांच्या रीतीने बकरे कापणारा माणूस पुण्याशिवाय मिळत नव्हता. "बायको होती तेव्हा शनवार चटकन संपायचा," असे ते एकदा म्हणाले. "हे भरल्या घरात करायचं काम आहे, शंकरराव. एकट्याला लय लांबतं." त्यांच्या तोंडी आमचा 'लय' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्यांची आणखी एक रीत होती. त्यांचा वर्षातला मोठा उपवास बहुधा आपल्या दसऱ्याला लागून येई. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ते दारे-खिडक्या लावून घेत आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कुणाशी शब्द नाही. पण दारे लागण्यापूर्वी ते साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाकडे जात. दूधवालीलाही सोडत नसत. आम्ही खंडेनवमीला मोजणीच्या साखळ्यांना आणि पहारींना हळदकुंकू वाहत असू आणि हे समोर हात जोडून उभे. "वर्षभरात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा."

पहिल्या वर्षी मला हसू आले. "अहो साहेब, माझ्याकडे कसली माफी मागता? देवाकडे मागा."

"देवाकडचं देव बघेल. तुमच्याकडचं तुमच्याकडेच मागावं लागतं. तिथे त्याची सही चालत नाही."

पुढच्या पावसाळ्यानंतर बेनी लढाईत मारला गेल्याची तार आली. माझा थोरला भाऊही त्याच लढाईत होता. तो काही महिन्यांनी खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन घरी आला. आई माझ्याकडेच राहत होती. तिने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दानियलरावांनी समोरच्या दारातून ते पाहिले, आणि मग येऊन भावाच्या पाठीवर हात ठेवून गेले.

बेनीचा वर्षाचा दिवस आला तेव्हा त्यांनी माणसे जमवायला सुरुवात केली. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात एक प्रार्थना असते, ती म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष लागतात. साताऱ्यात त्यांची जेमतेम तीन घरे. बाकीचे कराडहून, मिरजेहून, पुण्याहून यायचे होते. "आणि नऊच जमले तर?" मी विचारले.

"नऊ जमले तर नऊ एकेकटे," ते म्हणाले.

दोन दिवस राहिले असताना पुण्याचा माणूस आजारी पडल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या कामाला सांगलीला निघालो होतो. दानियलराव मोटारीपर्यंत पोचवायला आले. "तिथे तेलाच्या गिरणीत रूबेन फिटर आहे. त्याला एवढंच सांगा, उद्या संध्याकाळी बेनीसाठी दहावा हवा आहे. तो येईल."

माझे काम दुपारीच संपले. नदीकडे कुस्त्यांचे मैदान भरले होते आणि आमच्या गावचा एक पैलवान उतरणार होता. म्हटले, एवढी एकच कुस्ती बघू. ती झाल्यावर पुढची. उठलो तेव्हा दिवस मावळला होता. गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि साताऱ्याची शेवटची मोटार सुटायला आलेली. मी मोटारीत बसलो. कराडला ती थांबली तेव्हा स्टेशनवरून तार करता येईल, हे मला सुचले होते. पण तार केली की मी गेलोच नव्हतो हे उघड झाले असते. मी खाली उतरून चहा प्यायलो आणि परत जागेवर येऊन बसलो.

सकाळी ते दारातच उभे होते. "भेटला रूबेन?"

"भेटले. पण गिरणीत पाळी आहे म्हणाले. जमणार नाही."

"असं म्हणाला तो?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "येईल. पाळी बदलून येईल."

त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीतून पाहत होतो. दानियलराव धरून नऊ माणसे टोप्या घालून भिंतीला टेकून बसली होती. रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला की दानियलराव दारात येत. अंधार दाट झाला तसे भोंगे कमी झाले. कराडच्या माणसाने दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी ते सगळे उठले, एकेक जण दानियलरावांचा हात हातात घेऊन खाली उतरला. प्रार्थना झाली नाही. पुढे त्यांनी पुन्हा माणसे जमवली नाहीत.

वर्ष फिरून त्यांचा उपवास जवळ आला. काही दिवस आधी ते कचेरीत माझ्या टेबलाशी आले. "शंकरराव, वर्षभर माझ्या मनात रूबेनविषयी वाईट आलं. पोराच्या दिवसाला आला नाही म्हणून. हे बरं नाही. सांगलीला जाऊन त्याची माफी मागून येतो."

ते गेले ते दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. परतल्यावर म्हणाले, "भेटला. चांगला आहे. त्याच्या बायकोनं मनुकांचं सरबत दिलं." एवढे बोलून ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी फायलीत डोके घातले. थोड्या वेळाने त्यांची पावले वाजली. त्यांना काही कळले नसावे, अशी मी मनाची समजूत घातली. माणूस काय वाटेल ते स्वतःला पटवतो.

त्यानंतरही दर खंडेनवमीला ते माझ्या दारात आले. तेच हात, तेच वाक्य. फक्त वाक्य संपल्यावर आता ते थोडे थांबत.

"चहा टाकू, साहेब?"

"नको." मग आणखी थांबून, "मी निघू मग?"

"हो, साहेब."

मग ते पेन्शनीत निघाले आणि सांगलीला राहायला गेले, रूबेनच्या शेजारी. "शनवारी तिथे निदान दोघं होऊ," एवढेच म्हणाले. चौकटीवरची नळी त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. त्या जागी लाकडाचा पांढुरका तिरका डाग राहिला. नव्या भाडेकरूने त्यावर दिनदर्शिका टांगली.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी आंघोळ करून दारात बसलो. कशासाठी बसलो ते मलाच कळेना. दूधवाली येऊन गेली. जाताना म्हणाली, "औंदा शनवारसायेब न्हाईत. कोण हात जोडणार आमाला?" तेव्हा कळले. मी टोपी घातली आणि मोटारीच्या अड्ड्याकडे निघालो. वाटेत मोटार बिघडली. सांगलीत पोचलो तेव्हा उन्हे भिंतींवर चढली होती. गिरणीमागची चाळ विचारत विचारत मी जवळजवळ धावत गेलो.

दानियलराव पांढरेशुभ्र कपडे घालून उंबऱ्यात उभे होते. फार वाळले होते. आत एक धिप्पाड माणूस खिडक्या लावत होता, तो रूबेन. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

"या, शंकरराव. बसायला वेळ नाही, सूर्य कलला आहे. उभ्यानंच बोलू."

"साहेब," मी म्हणालो, "तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"सरबत प्यायलो तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर ते माझं बोलणं झालं असतं." त्यांनी उपरण्याने कपाळ पुसले. "मला वाटायचं, मी आधी हात जोडले की तुम्हाला सोपं जाईल. दर वर्षी वाटायचं."

रूबेन दाराचा अडसर हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला. चाळीच्या पत्र्यांवर अजून थोडेसे ऊन होते. मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. टोपी काढून हातात घेतली.

"रूबेनराव, तुम्हीही ऐका. बेनीसाठी दहावा माणूस हवा होता. तो निरोप तुमच्यासाठी होता आणि माझ्याकडे होता. मी कुस्त्या बघत बसलो, तुमच्याकडे आलोच नाही. आणि साहेबांना सांगितलं की तुम्ही नाही म्हणालात. माझा भाऊ घरी आला होता, साहेब. तुमचा मुलगा आला नव्हता. निदान एवढं तरी मला कळायला हवं होतं. मला माफ करा."