आईच्या गाठीवरचं औषध

हुलसूरच्या इंदिराबाईंनी गावभरचे झंपर शिवून लेकीला, प्रेरणाला, शिकवलं. प्रेरणा हैदराबादच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या गाठी मारणाऱ्या विषाणूंवर काम करू लागली आणि दोन वर्षांत आईच्याच पोटात गाठ निघाली.

"मग तुझं औषध मला कामून देईनास?" इंदिराबाईंनी विचारलं.

"आई, नुसता विषाणू रक्तात सोडला तर शरीर त्याला वाटेतच मारतं. म्हणून आमी त्याला जिवंत पेशीत लपवून गाठीकडं धाडायलाव. पण अजून उंदरांवरच चालू हाय. माणसाला देता येत न्हाई."

ऑपरेशनच्या दिवशी इंदिराबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "काढलेली गाठ फेकू नका. लेकीच्या कामाला द्या."

गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत गेला. पोटातला रोग मात्र पुन्हा पसरला आणि तूर फुलात असताना इंदिराबाई गेल्या.

त्यांच्या गाठीच्या पेशी काचेच्या बशीत वाढत राहिल्या. एक दिवस प्रेरणानं विषाणू भरलेल्या पेशी त्यांच्यावर सोडल्या. पुढं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर गाठीच्या पेशी फुटून गेल्या होत्या. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. आईचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, तेही आपल्याच हातानं संपवलं, असं वाटून प्रेरणा तिथंच रडली.

संध्याकाळी तिनं धाकट्या भावाला फोन लावला. "सुगत, आईच्या गाठीवर औषध चाललं रे."

सुगत एवढंच म्हणाला, "तिला कळायला पायजे होतं, अक्का."